सहीच्या आधीचे शिक्षण

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला, तेव्हा खासगी शाळांतील २५ टक्के राखीव प्रवेशांवरून रणे माजली. परंतु त्याच कायद्याच्या कलम २१ने गावोगावच्या पालकांच्या हाती जी सत्ता ठेवली, तिच्याकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही. या कलमान्वये विनाअनुदानित शाळा वगळता प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यातील किमान तीन चतुर्थांश सदस्य त्या शाळेतील मुलांचे आईवडील किंवा पालक असतात, निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात आणि दुर्बल व वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व द्यावे लागते. महाराष्ट्रात ही समिती १२ ते १६ सदस्यांची असते, अध्यक्ष पालकांमधूनच निवडला जातो, मुख्याध्यापक सदस्य सचिव म्हणून काम पाहतो आणि दर दोन वर्षांनी समितीची पुनर्रचना होते. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणे आणि शाळेला मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे ही तिची कायद्यानेच नेमून दिलेली कामे आहेत. शेतमजूर, गवंडी, भाजीविक्रेती किंवा अंगणवाडी मदतनीस असलेल्या पालकाला एका सार्वजनिक संस्थेचा विश्वस्त करणारी ही तरतूद आहे, आणि विश्वस्ताला त्याचे काम समजावून न सांगता विश्वस्तपद देणे कितपत न्याय्य आहे, हा तिच्या पोटातला प्रश्न आहे.

हा प्रश्न मराठी मुलखाला नवा नाही. १८८२मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी सरकारच्या तिजोरीत भर घालणाऱ्या कष्टकरी समाजाच्या प्राथमिक शिक्षणाकडे होणाऱ्या दुर्लक्षाचा हिशेब मांडला होता. पुढे १९१८मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या पुढाकाराने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा देणारा कायदा झाला आणि १९२३च्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे आला. स्थानिक लोकांच्या हाती शाळा गेल्या की त्या बिघडतात, हा आक्षेप तेव्हापासूनचाच आहे. १९२९च्या हार्टोग समितीने स्थानिक संस्थांकडे सोपवलेल्या अधिकारांबद्दल नापसंती व्यक्त केली आणि तिचा भर सरकारी तपासणी यंत्रणा बळकट करण्यावर राहिला. सदस्य कमी पडतात म्हणून त्यांच्यावर निरीक्षक वाढवावेत, हा विचार त्या काळाला जितका सहज सुचला, तितका सदस्यांनाच तयार करावे हा विचार सुचला नाही; आणि शंभर वर्षांनंतरही कारभाराची ही खोड पुरती मोडलेली नाही.

आज प्रशिक्षण होतच नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. समग्र शिक्षा या २०१८पासूनच्या केंद्रपुरस्कृत योजनेत समिती सदस्यांच्या प्रशिक्षणासाठी निधीची तरतूद आहे, पुस्तिका छापल्या जातात, राज्य पातळीवर तयार झालेले मार्गदर्शक जिल्ह्याला, जिल्ह्याचे तालुक्याला आणि तालुक्याचे केंद्रशाळेला शिकवतात. या उतरंडीत प्रत्येक पायरीवर थोडे थोडे गळत जाते, ही तक्रार जुनी आहे. त्याहून गंभीर गोष्ट अशी की केंद्रशाळेच्या वर्गखोलीत दुपारी दीड-दोन तास चालणाऱ्या या वर्गाचा सूर बहुधा आवाहनाचा असतो. पटनोंदणी वाढवा, मुलांना रोज शाळेत पाठवा, लोकवर्गणी गोळा करा, आवारभिंतीसाठी श्रमदान करा, असे पालकांना सांगितले जाते. यातले काहीही चुकीचे नाही, पण हे सगळे पालकांनी शाळेला द्यायचे आहे; शाळेने आणि शासनाने पालकांना काय द्यायचे आहे व ते न दिल्यास समितीने कोणाकडे दाद मागायची, हा भाग पुस्तिकेच्या शेवटच्या पानांत असतो आणि तिथवर पोचेपर्यंत चहा आलेला असतो. ज्या प्रशिक्षणातून सेवेकरी तयार होतात पण प्रश्न विचारणारे तयार होत नाहीत, ते कायद्याच्या हेतूशी प्रामाणिक नाही.

प्रत्यक्ष व्यवहारात या उणिवेचे रूप सहीत दिसते. सभेची नोटीस निघते, इतिवृत्ताची वही उघडते, विषय क्रमांक एक म्हणून मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केल्याची ओळ आधीच लिहिलेली असते, आणि गणपूर्ती, म्हणजे सभा वैध ठरण्यासाठी लागणारी किमान उपस्थिती, झाली नसेल तर वही घरोघरी फिरते. कधी ती चौथीतल्या मुलाच्या दप्तरातून आईकडे जाते. आई पाटीवर गिरवायला शिकलेली सही करते आणि वही परत येते. महिला सदस्याच्या जागी तिचा पतीच सभेला येऊन बसला, तरी त्याचे कोणाला नवल वाटत नाही. या सगळ्यात लबाडीच असते असे नाही. बहुसंख्य मुख्याध्यापक वेळेच्या आणि अहवालांच्या ओझ्याखाली वाकलेले असतात आणि ठराव नसल्यामुळे अनुदान अडू नये एवढीच त्यांची इच्छा असते. पण हेतू निर्मळ असला तरी परिणाम बदलत नाही; ज्या आईच्या नावाने ठराव मंजूर झाला, तिला तो कशाचा होता हे ठाऊक नसते, आणि उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर सही तिचीच असते.

म्हणूनच सदस्याला शाळेची रोकडवही वाचता येणे हे प्रशिक्षणाचे पहिले अंग मानले पाहिजे. रोकडवही म्हणजे कॅशबुक. तिच्या डाव्या पानावर जमा आणि उजव्या पानावर खर्च असतो, सुरुवातीला आरंभीची शिल्लक व शेवटी अखेरची शिल्लक येते, आणि खर्चाच्या प्रत्येक ओळीसमोर प्रमाणकाचा, म्हणजे व्हाउचरचा, क्रमांक असावा लागतो. समग्र शिक्षेतील संयुक्त शाळा अनुदान पटानुसार ठरते. १०१ ते २५० मुलांच्या शाळेला वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत मिळू शकतात आणि त्यातील किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च व्हावी अशी अपेक्षा असते. समजा, अशा शाळेच्या वहीत पाण्याच्या टाकीसाठी ६,००० रुपये खर्ची पडले आहेत. मग त्या ओळीपुढचा क्रमांक पाहून बिल काढावे, बिलावरची तारीख ठरावाच्या तारखेनंतरची आहे का ते पाहावे, डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, टाकीची नोंद शोधावी आणि अखेरीस उठून गच्चीवर टाकी आहे का ते बघून यावे. या चार पायऱ्यांना पदवी लागत नाही. बचत गटाचे हिशेब ठेवणाऱ्या कितीतरी स्त्रिया महिन्याला याहून किचकट आकडेमोड करतात. त्यांना शाळेची वही अवघड वाटते ती आकड्यांमुळे नव्हे, ती मागण्याचा आपल्याला अधिकार आहे हे कोणी ठामपणे सांगितलेले नसल्यामुळे.

पोषण आहाराचेही असेच आहे. प्राथमिक वर्गांतील प्रत्येक मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाज्या आणि ५ ग्रॅम तेल हे प्रमाण ठरलेले आहे. हजेरीपटावर ६० मुले असतील तर त्या दिवशी सव्वा किलोच्या आसपास डाळ शिजली पाहिजे, हा हिशेब घर चालवणाऱ्या बाईला कागदाशिवाय करता येतो, आणि भांड्यात डोकावून वरण कितपत पातळ आहे हे तिच्याइतके अचूक दुसरे कोणी सांगू शकणार नाही.

अध्ययनाच्या बाबतीत मात्र समित्या जवळजवळ मुक्या असतात, आणि प्रशिक्षणानेही त्यांना बोलते केलेले नाही. इमारत, रंगरंगोटी, गणवेश हे विषय डोळ्यांना दिसतात. तिसरीतल्या मुलाला दुसरीच्या पाठ्यपुस्तकातला उतारा वाचता येतो की नाही, हे दिसत नाही. कायद्याने शिक्षकावर मुलांची प्रगती पालकांना नियमितपणे सांगण्याचे कर्तव्य टाकले आहे आणि जनगणना, निवडणुका व आपत्ती निवारण यांखेरीज इतर अशैक्षणिक कामांसाठी शिक्षकाला जुंपण्यास मनाई केली आहे. या दोन तरतुदी एकत्र वाचल्या की समितीचे शिक्षकाशी असलेले नाते स्पष्ट होते: वाचन का येत नाही हे तिने विचारावे, आणि शिक्षक वर्गाबाहेर का अडकला आहे हेही तिनेच वरच्या कार्यालयाला विचारावे. असे दुहेरी विचारणे जिला जमते, त्या समितीची शिक्षकांना धास्ती वाटण्याचे कारण उरत नाही.

प्रशिक्षणावरचा एक आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागतो. सदस्यत्वाला तज्ज्ञतेची अट लावली की तज्ज्ञच सदस्य होतात, आणि गरीब पालकासाठी उघडलेले दार हळूच लोटले जाते. न्यूयॉर्क राज्यात शाळा मंडळाच्या नवनिर्वाचित सदस्याला आर्थिक देखरेखीचे किमान सहा तासांचे प्रशिक्षण पहिल्या वर्षात घ्यावेच लागते. तिथे ही सक्ती शोभते, कारण ते मंडळ कोट्यवधी डॉलरचे अंदाजपत्रक मांडते आणि कर आकारते. इथल्या समितीतील सदस्याचा दिवसाचा रोज बुडाला तर संध्याकाळची चूल अडते. त्याच्यावर प्रशिक्षणाची सक्ती करण्याऐवजी ते देण्याची सक्ती शासनावर असावी, आणि त्यासाठी बुडालेला रोज भरून देण्याची तयारी ठेवावी, हेच न्यायाला धरून आहे. प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्यांना प्रवासभत्ता मिळतो हे गृहीत असते. मजूर पालकाने मात्र ज्ञानासाठी मजुरी सोडावी, ही अपेक्षा निलाजरी आहे. बीड, अहिल्यानगरच्या ऊसतोड गावांत दिवाळीच्या सुमारास अर्धे पालक कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि उन्हाळा लागेपर्यंत परतत नाहीत, हे दरवर्षीचे असूनही प्रशिक्षणाच्या तारखा हिवाळ्यात पडत असतील, तर त्यांतून कोणाला वगळले जाते हे वेगळे सांगायला नको.

आणखी एक पेच शिकवणाऱ्याचा आहे. ज्या मुख्याध्यापकाच्या खर्चावर समितीने लक्ष ठेवायचे, त्यानेच समितीला लक्ष कसे ठेवायचे ते शिकवावे, ही रचना कितीही सज्जन माणसे असली तरी सदोषच राहते. केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी त्याच साखळीच्या वरच्या कड्या आहेत. ग्रामपंचायत सदस्यांसाठी राज्यात यशदासारखी प्रशिक्षण यंत्रणा उभी राहिली. शाळा समित्यांसाठी शिक्षण विभागापासून अलग असा शिकवणारा असावा, ही मागणी त्या मानाने फार क्षीण आहे. दोन वर्षांच्या मुदतीत सदस्य जेमतेम सरावतो आणि मूल चौथी पास होऊन शाळेबाहेर पडताच त्याचे सदस्यत्वही संपते, म्हणून माजी सदस्यांनाच मानधन देऊन नव्यांचे मार्गदर्शक करणे हा सर्वांत सोपा उपाय दिसतो. लहान वाड्यांवरच्या शाळांत तर याहून विलक्षण स्थिती आहे: १५ मुलांच्या शाळेला किमान १२ सदस्यांची समिती लागते, त्यांतले ९ पालक असतात, म्हणजे वाडीतले जवळपास प्रत्येक घर कधी ना कधी समितीत येतेच. अशा ठिकाणी निवडक सदस्यांऐवजी सबंध वाडीलाच एका संध्याकाळी समाजमंदिरात बसवून शिकवता येईल.

प्रशिक्षण मिळाले नाही म्हणून सदस्याची जबाबदारी सर्वस्वी संपते का? संपत नाही, पण तिची वाटणी बदलते. ज्याला वाचून दाखवले गेले आणि तरी ज्याने न ऐकता सही केली, तो दोषी आहे. ज्याला वाचून दाखवण्याची तसदीच कोणी घेतली नाही, त्याच्या सहीचा दोष प्रथम ती घेणाऱ्याकडे जातो. समजले नाही तर सही करणार नाही, असे म्हणण्याचे बळ देणारे एक वाक्य पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर छापले, तरी बरेच साधेल.

विनाअनुदानित शाळांना कलम २१ लागू नाही, त्यामुळे ताळेबंद सहज वाचणारे शहरी पालक या कर्तव्यातून सुटले आहेत आणि ज्यांना कागदांची सवय सर्वांत कमी, त्यांच्यावर सार्वजनिक शाळांची राखण आली आहे. बँक, टपाल, महालेखापाल कार्यालय अशा ठिकाणांहून निवृत्त झालेले असंख्य मराठी वाचक गणपतीला, शिमग्याला किंवा जत्रेला गावी जातात. त्यांनी तिथल्या समितीच्या अध्यक्षांना भेटावे, आणि समितीने बोलावले तर, केवळ बोलावले तरच, एक दुपार तिच्यासोबत रोकडवही उघडून बसावे.