पोथीतली पावती

भीमेचा पूर ओसरला, की अफजलपूर-जेवर्गीकडच्या घरांतला गाळ पुरता निघण्यापूर्वीच शालीश्रीफळांची जुळवाजुळव सुरू होते, आणि पाठोपाठ मदतीला धावलेल्यांचे आभार मानावेत की नाही, हा वादही सुरू होतो. सत्काराचा कैवार घेणाऱ्यांविषयी फारसे बोलण्यासारखे नाही. त्यांना व्यासपीठ हवे असते आणि ते मिळते. सेवा निष्काम असते, तिचे आभार मानणे म्हणजे तिची किंमत करणे, असे गंभीर मुद्रेने सांगणारा जो दुसरा पक्ष आहे, तो मात्र मला अधिक अनर्थकारक वाटतो, कारण उथळ विचाराला तो तत्त्वज्ञानाची वस्त्रे नेसवतो.

2020 च्या ऑक्टोबरात बंगालच्या उपसागरात उठलेली, चक्रीवादळ होता होता राहिलेली ती वावटळ 13 तारखेला काकीनाड्याजवळ किनारा ओलांडून तेलंगण तुडवीत पश्चिमेकडे आली, सोलापूर-पंढरपूरकडे तिने धो धो पाऊस पाडला, आणि उजनीचे व नीरेचे पाणी भीमेतून खाली येऊन कलबुर्गी जिल्ह्यातली (माझ्या तोंडी अजून गुलबर्गाच येते) काठावरची गावे वेढली गेली. सेना आली, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या आल्या. पण कोणत्याही पुराचे पहिले काही तास शेजाऱ्यांचे असतात. त्या वेळी उपयोगी पडतो तो ट्रॅक्टरवाला, पट्टीचा पोहणारा, किंवा कोणत्या आळीत कोणती म्हातारी एकटी निजते हे ठाऊक असलेला पोरगा.

मानधनाने सेवा बाटते, या दुसऱ्या पक्षाच्या आक्षेपाला एक वाक्य पुरे: 2018 च्या महापुरात केरळ सरकारने मच्छीमारांना होडीमागे दिवसाला 3,000 रुपये जाहीर केले, म्हणून त्यांचे शौर्य रुपयाभरही उणे झाले नाही.

आता निष्कामतेविषयी. या पक्षाचे लोक गीतेचा आधार घेतात, आणि बीदर जिल्ह्यातले असले तर कल्याणच्या बसवेश्वरादी शरणांचा दासोह, म्हणजे निरहंकार दान, हेही पुढे करतात. फळाची अपेक्षा नको, दातेपणाचा अहंकार नको, हे सर्व मान्य. परंतु हा उपदेश कोणाला आहे? करणाऱ्याला. ज्याचा जीव वाचला, ज्याची गुरे दावणीतून सोडून उंचावर नेली गेली, त्याला ‘तो निष्काम आहे, तेव्हा मी काही लक्षात ठेवण्याचे कारण नाही’ असे म्हणण्याची सनद गीतेने दिलेली नाही आणि बसवेश्वरांनीही नाही. निष्कामता हे देणाऱ्याचे व्रत आहे. घेणाऱ्याने त्या व्रताचा लाभ उठवणे याला आमच्या खेड्यात वेगळे नाव आहे, ते इथे लिहीत नाही. दुसऱ्याच्या वैराग्यावर आपला विसर पोसणारा हा युक्तिवाद मी इतक्या सुशिक्षित तोंडांतून ऐकला आहे, की तो अज्ञानातून येतो असे मानणे मला, प्रयत्न करूनही, जमत नाही.

माझ्या मते खरा भेद सत्कार आणि मौन यांच्यात नसून आभार आणि कृतज्ञता यांच्यात आहे. आभारात भार आहे. तो मानला की उतरतो, आणि समारंभ आटोपून माणूस हलका होऊन घरी जातो. कृतज्ञ याचा अर्थ मात्र केलेले जाणणारा. त्या शब्दात भावना नंतर येते, माहिती आधी: कोणी, कोणत्या रात्री, कोणत्या वाटेने, किती फेऱ्या केल्या, आणि कोणाचे डिझेल जळले. कन्नडातही शब्द ‘कृतज्ञते’ हाच असल्यामुळे सीमेच्या अलीकडच्या-पलीकडच्या कोणालाच भाषेची सबब सांगता येणार नाही. पूर ओसरल्यावर पंचनामा होतो. त्यात पडलेली भिंत येते, वाहून गेलेले जनावर येते, बुडालेल्या तुरीचे क्षेत्र येते, पण धावून आलेला माणूस येत नाही. 2016 पासून ‘आपदा मित्र’ योजनेखाली स्वयंसेवकांना प्रशिक्षण देतात, ते उत्तमच. तथापि ज्याने प्रशिक्षणावाचून काम केले, त्याची वाट आणि त्याची युक्ती दप्तरात न उतरल्यास पुढच्या पुरात गाव पुन्हा निरक्षरच असते. त्याला शाल नको असेलही, परंतु नोंद नको म्हणण्याचा अधिकार एकट्या त्याचा नाही.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठार लुटवले, आणि त्या धान्याचा पैसा भरायला विठोबा महाराच्या वेषाने बीदरच्या दरबारात गेला, ही कथा या भागात कोणाला ठाऊक नाही? बादशहाने रक्कम मोजून घेतली आणि पावती लिहून दिली. विठोबापेक्षा निष्काम कोण असणार? पण ‘पावतीची काय गरज’ असे तोही म्हणाला नाही. मुकाट्याने घेतली, जपून आणली. दामाजीपंतांना ती सापडली, असे कथेकरी सांगतात, त्यांच्या नित्यपाठाच्या गीतेच्या पोथीत.