ओझे कुणाचे, यात्रा कुणाची?

पेरू देशात इंका राजांनी १५ व्या शतकात बांधविलेली माचू पिच्चू नगरी आज ओसाड उभी आहे. डोंगरवाटेने चार दिवसांत सुमारे ४३ किलोमीटर चालून लोक तेथे जातात. वाटेत ४,२०० मीटरांवरची खिंड चढावी लागते. या वाटेवर दिवसाला ५०० माणसांनाच परवानगी. पण सज्जनहो, त्यांत प्रवासी सुमारे २००च. बाकीचे वाटाडे, आचारी नि हमाल! तंबू, शिधा, भांडी पाठीवर घेऊन हे हमाल पुढे धावतात. प्रवासी धापा टाकीत पोचेतो तंबू उभा नि अन्न तयार. मग चालल्याचे श्रेय कुणाचे?

कुणी म्हणेल, मजुरी दिली, फिटले. त्या मजुरीवर त्याचे घर चालते हे खरेच. म्हणून जाऊच नये असे आमचे म्हणणे नाही. पण ओझे २० किलोंवर नको, हे २००१ साली कायद्याने सांगावे लागले. आता नाक्यावर वजन होते. दया आपण होऊन सुचती, तर काटा कशाला लागता?

दुसऱ्यास काय बोलावे! आमची पेटी डोक्यावर घेऊन एक गडी वर्षानुवर्षे गावोगाव आला. बिदागी आम्ही घेतली, हार आमच्या गळ्यात पडला. त्याचे नाव आज आठवू जाता आठवत नाही.