पहिला हप्ता कुणाचा?

विमा घ्यायला बसलेला माणूस पॉलिसीबद्दल जुजबी एक-दोन गोष्टी विचारतो आणि मग मूळ मुद्द्यावर येतो : "पहिल्या हप्त्यात किती सोडाल?" भाजीवर कोथिंबिरीची काडी मागावी इतक्या सहज. समोरचा एजंट किंवा ब्रोकरही हसून आकडा सांगतो. दोघांच्या मध्ये पडलेल्या प्रपोजल फॉर्मवर बहुतेक वेळा 1938 च्या विमा कायद्याचं 41 वं कलम बारीक अक्षरांत छापलेलं असतं. कमिशनमधला वाटा ग्राहकाला देणं त्या कलमानुसार बेकायदा आहे, आणि ग्राहकानं तो घेणंही.

एजंट हा कंपनीचा माणूस. ब्रोकर मात्र कायद्यानं ग्राहकाचा. गरज समजून घ्यायची, निरनिराळ्या कंपन्यांच्या पॉलिसी ताडून बघायच्या, क्लेमच्या वेळी पाठपुरावा करायचा, हे त्याचं काम. परवाना विमा नियामक प्राधिकरणाचा. शिवाय आपल्या कामातल्या चुकांपोटी त्याला स्वतःचाही विमा उतरवावा लागतो! मेख एवढीच, की त्याला कमिशन देते ती कंपनी. माणूस आपला, पैसे त्यांचे. म्हणून "यांपैकी कुठल्या पॉलिसीत तुम्हाला जास्त सुटतात?" हे विचारायला लाजू नये. पण ज्याच्या खिशातून आपण ते कमिशन आधीच काढून घेतलं, त्याला हे कोणत्या तोंडानं विचारणार? तो ते कुठून तरी भरून काढणारच. कधी नको ती पॉलिसी गळ्यात मारून, कधी क्लेमच्या दिवशी फोन न उचलून.

ही मिलीभगत फॉर्म भरताना आणखी पुढे जाते.

"साखर?"

"गोळी चालू आहे, पण कंट्रोलमध्ये आहे."

"मग 'नाही' लिहितो."

दोघांनाही हायसं वाटतं. हप्ता वाढत नाही, वैद्यकीय तपासणी टळते, पॉलिसी लगेच निघते.

पण इथेच विम्यातला परम सद्भावाचा, म्हणजे काहीही न दडवण्याचा, नियम मोडतो. तो न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी 1766 मध्ये इंग्लंडमध्ये मांडला. खटला होता सुमात्रातल्या एका इंग्रजी किल्ल्याच्या विम्याचा. माहिती दडवू नये हे बंधन त्यांनी दोन्ही बाजूंना घातलं. निकाल तर विमेदाराच्या बाजूनं लागला, कारण विमा देणाऱ्याला जे कळायला हवं होतं ते त्याचं त्यानं कळून घ्यायला हवं होतं. नियम आपल्याविरुद्धच रचलाय, ही आपली तक्रार त्यामुळे अर्धीच खरी. आज आपल्याकडे आरोग्यविमा सलग 60 महिने चालू राहिला, की माहिती दडवल्याचं कारण कंपनीला पुढे करता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तर मात्र येतं.

त्या 60 महिन्यांच्या आत आजारपण आलं तर? रुग्णालयात आपण खरं बोलतो, बोलावंच लागतं. डॉक्टर केसपेपरवर मधुमेह किती वर्षांचा ते लिहितात आणि तोच कागद कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या टीपीएकडे जातो. क्लेम नाकारल्याचं पत्र आलं, की ब्रोकर खोटारडा ठरतो. पुढे विमा लोकपालाकडे दाद मागता येते. मुंबईत, पुण्यात कार्यालयं आहेत, तक्रारीला शुल्क नाही. मात्र तिथे तो फॉर्म पुन्हा उघडला जातो. 'नाही' हे अक्षर ब्रोकरचं असेल, पण खालची सही आपली असते.