खुनांचा आलेख कोणाच्या हातात?

एल साल्वाडोर हा मध्य अमेरिकेतला चिमुकला देश, लोकसंख्या साठेक लाख. 2015 साली तिथे साडेसहा हजारांहून जास्त खून झाले. दर लाख माणसांमागे शंभराच्या वर. 2024 सालचा सरकारी आकडा आहे 114. एवढी घसरण पाहून कोणीही थक्क व्हावे. राष्ट्राध्यक्ष नायिब बुकेले यांची सारी पुण्याई या आकड्यावर उभी आहे आणि इतर देशांतले पुढारीही त्यांचा कित्ता गिरवू पाहताहेत.

पण हा आलेख थोडा मागे नेला तर त्यात एक खड्डा दिसतो, 2012 सालचा. त्या मार्चमध्ये ‘एमएस-13’ आणि ‘बार्रिओ 18’ या हाडवैरी टोळ्यांनी तह केला. सरकारने पडद्याआडून हात दिला, म्होरक्यांना कडक तुरुंगातून सैल तुरुंगांत हलवले. रोज सरासरी डझनभर मुडदे पडत होते, ते पाहता पाहता निम्म्यावर आले. खंडणी मात्र चालूच राहिली. बसवाला, भाजीवाली, कोपऱ्यावरचा दुकानदार, सगळे पूर्वीसारखेच हप्ता मोजत होते. वस्ती टोळीचीच होती, फक्त मारण्याची गरज उरली नव्हती. पुढे तह मोडला आणि 2015चा कळस आला. म्होरके एक गोष्ट पक्की शिकले: प्रेतांची संख्या सरकारशी सौदा करायला कामी येते.

या टोळ्या मुळात लॉस एंजेलिसमधल्या. एल साल्वाडोरमध्ये 1980 ते 1992 या काळातल्या यादवीत पाऊण लाखाच्या आसपास माणसे मेली. जीव वाचवून अमेरिकेत गेलेल्यांची पोरे तिथल्या गल्ल्यांत टोळ्यांत शिरली. नव्वदच्या दशकात अमेरिकेने त्यांना परत धाडले, तेही युद्धाने पोखरलेल्या देशात.

2015नंतर आकडा उतरू लागला तो बुकेले सत्तेवर येण्याआधीच. 2021पर्यंत दर विशीच्या खाली आला होता आणि सरसकट धरपकड तर अजून सुरूही व्हायची होती. बुकेले सरकारनेही टोळ्यांशी गुप्त वाटाघाटी केल्या, असे ‘एल फारो’ या तिथल्या वृत्तपत्राच्या पत्रकारांनी कागदपत्रांसह मांडले, सरकारने ते नाकारले. मग 26 मार्च 2022 उजाडला. एका दिवसात 62 खून. दुसऱ्याच दिवशी आणीबाणी लागू झाली. ती तीस दिवसांसाठी होती. तेव्हापासून महिन्यामागून महिना वाढतेच आहे.

ऐंशी हजारांहून अधिक माणसे आत गेली. चाळीस हजारांच्या क्षमतेचा नवा तुरुंग उभा राहिला. आणि खंडणीचा विळखा खरोखर सुटला, हे मान्य केलेच पाहिजे. रात्री पोर घरी येईल की नाही या धास्तीत वर्षे काढलेल्या आईला आपण लांबून मानवी हक्कांचे धडे द्यावेत, हे मला शोभणारे वाटत नाही. पण दुसरीही एक आई आहे. ती तुरुंगाच्या फाटकाशी साबण, कपडे, खाण्याचे पुडके घेऊन उभी आहे आणि मुलगा जिवंत आहे का, एवढेही तिला कोणी सांगत नाही. कोठडीत शेकडो माणसे दगावल्याचे हक्क-संघटना सांगतात. ते मृत्यू खुनांच्या आकड्यात धरले जात नाहीत. पोलिसांच्या गोळीने मेलेले संशयितही नाहीत.

म्हणून 114 हा आकडा मी खोटा म्हणणार नाही, अपुरा म्हणेन. 2012 साली खुनांचा आकडा टोळ्यांच्या मर्जीने खाली आला. आज तो एका माणसाच्या मर्जीवर टिकून आहे आणि त्या मर्जीला आवर घालणारे न्यायालय उरलेले नाही. 31 जुलै 2025 रोजी संसदेने राष्ट्राध्यक्षपदाच्या मुदतींवरची मर्यादाच काढून टाकली. बाजूने 57 मते पडली, विरोधात तीन.