दोषाचा पत्ता

घाट चढताना गाडी दम टाकू लागली, पिकअप मिळेना, की निदान तयार असते : 'टर्बो गेला.' या दोन शब्दांविषयी मला फार दिवस कुतूहल आहे. अपयश दिसले की त्यातल्या सर्वांत ठळक नावाकडे आपण बोट दाखवतो, आणि त्यालाच निदान म्हणतो.

आल्फ्रेड ब्युखी या स्विस एंजिनिअरने १९०५ साली जिचे पेटंट घेतले, ती टर्बोची कल्पना मोठी विलक्षण आहे. एंजिनातून बाहेर पडणारे तप्त वायू एक चाक फिरवतात. त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा दाबून एंजिनाला पुरवते. मोटारीच्या टर्बोत हे फेरे मिनिटाला लाखावर जातात. पण हवा कमी पडली की ज्वलन मंदावते, ज्वलन मंदावले की वायूंचा जोर ओसरतो, आणि हवा आणखी कमी पडते. मग या वर्तुळात आरोपी कोण?

येथे एक सोयीस्कर तत्त्वज्ञान पुढे येते : सारेच परस्परावलंबी, तेव्हा दोष कुणाचाच नाही. मला ते पटत नाही. वर्तुळ खरे असले, तरी गळतीला जागा असतेच. ती शोधायला मात्र शिस्त लागते.

जाणता मेकॅनिक आधी साक्षीदार तपासतो. एंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली, की दाबाच्या सेन्सरने भोवतालच्या हवेचाच दाब सांगितला पाहिजे : समुद्रकाठी सुमारे १०१ किलोपास्कल, पुण्यात ९५ च्या आसपास. तोच खोटे बोलत असेल, तर पुढचा खटलाच खोटा. मग एअर फिल्टर, रबरी पाइप, त्यांचे क्लॅम्प, इंटरकूलरचे सांधे. मग जादा वायूंना वाट देणारी वेस्टगेटची झडप उघडीच अडकली आहे काय, सायलेन्सरची वाट तुंबली आहे काय. टर्बो सर्वांत शेवटी. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर गाडी कदाचित सुधारेल, पण आपल्याला कळणार काहीच नाही.

पुष्कळदा दोष यंत्रात नसतो, सांध्यात असतो. गाडी उभी असताना पाइपची चीर मिटलेली असते. भार आला, दाब चढला, म्हणजे ती उघडते. माणसामाणसांतल्या सांध्यांचेही असेच नाही काय?

वर्गात मागे पडणारा मुलगा, कामात मंदावलेला कारकून यांच्याविषयी आपण हाच निकाल देऊन मोकळे होतो. त्या मुलाला फळा तरी नीट दिसतो का, हे विचारायला पैसा लागत नाही. तरी ते कुणी विचारत नाही. निर्दोष टर्बो बदलला तर पैसे जातात. निर्दोष माणसाला 'बाद' ठरवले, तर त्याचा धीर खचतो, धीर खचला की काम बिघडते, आणि आपला खोटा निकाल हळूहळू खरा ठरतो. माणूसही वर्तुळातच जगतो. म्हणून आधी सोपी तपासणी करावी, हा मला गॅरेजातला नुसता व्यवहार वाटत नाही. ते दुसऱ्या माणसाचे आपल्यावरचे ऋण आहे.