शुश्रूषा या शब्दाचा अर्थ

गृहस्थाश्रमात पतिपत्नींच्या प्रेमाची कसोटी संपत्तीच्या काळात लागत नाही, आणि पुष्कळदा दारिद्र्याच्या काळातही लागत नाही. कारण दारिद्र्याचे ओझे दोघांनाही सारखेच उचलावे लागते. ती लागते दोघांपैकी एकाच्या देहात दुर्धर रोग शिरतो तेव्हा. तेथे एक भोगतो आणि दुसरा पाहतो. कर्करोग शरीरात पसरला आहे, केमोथेरपी द्यावयाची आहे, परंतु तिने रोग समूळ जाईल असे म्हणता येत नाही, हे डॉक्टरांनी पतीला बाजूला घेऊन सांगितले, की तो खोलीबाहेर पडण्यापूर्वीच त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो: हे तिला सांगावे की लपवावे? तिला झुंजत राहण्यास सांगावे, की जे येईल त्याला तिच्यासह सामोरे जावे? थोडक्यात, आता माझा धर्म कोणता? पत्नीच्या जागी पती रुग्ण असला तरी प्रश्न हाच. त्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

वस्तुस्थिती जाणल्यावाचून केलेला धर्मविचार पोकळ ठरतो. म्हणून प्रथम या उपचाराचे स्वरूप पाहू. केमोथेरपीची बहुतेक औषधे वेगाने विभागणाऱ्या पेशींवर घाला घालतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात. परंतु केसांची मुळे, तोंडाचे व आतड्यांचे अस्तर आणि अस्थिमज्जा येथील निरोगी पेशीही वेगानेच विभागतात, आणि त्यांनाही तो घाला सोसावा लागतो. केस गळणे, तोंड येणे, मळमळ, जुलाब, रक्तातील पांढऱ्या पेशी उतरणे ही त्याचीच फळे होत. म्हणून औषध बहुधा दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने देतात, म्हणजे निरोगी पेशींना सावरण्यास अवधी मिळतो.

या उपचाराने काय साधते? चरकसंहितेत असाध्य रोगांचे दोन प्रकार मानले आहेत. एक, ज्यावर कोणताच उपाय चालत नाही तो. आणि दुसरा ‘याप्य’, म्हणजे जो समूळ जात नाही, परंतु उपचार चालू आहे तोवर आवरून धरता येतो. पसरलेल्या कर्करोगांपैकी पुष्कळ आज या दुसऱ्या प्रकारात मोडतात. वृषणाचा कर्करोग किंवा लसीकाग्रंथींचे काही कर्करोग पसरल्यावरही बरे होऊ शकतात, हे खरे. म्हणून सर्वांना एकच नियम लावता येत नाही. ‘हे औषध रोग घालविण्यासाठी आहे की आवरण्यासाठी?’ हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारला पाहिजे. पुष्कळ घरांत तो विचारलाच जात नाही. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगावर केमोथेरपी घेणाऱ्यांपैकी ६९ टक्के आणि मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगावर ती घेणाऱ्यांपैकी ८१ टक्के रुग्णांना, या औषधाने आपण बरे होणे संभवत नाही, याची स्पष्ट जाणीव नसल्याचे आढळले. जेथे रुग्णाला सर्व सांगण्याची रीत आहे तेथे ही स्थिती. मग जेथे कुटुंबच पडदा ओढते तेथील स्थिती काय सांगावी?

हा पडदा प्रेमानेच ओढला जातो, हे नाकारण्याचे कारण नाही. ‘तिला धक्का बसेल, ती धीर सोडील,’ असे पती म्हणतो, आणि या म्हणण्याला शास्त्राचा आधारही दाखविता येतो. रोग्याचे आयुष्य सरत आले आहे हे वैद्याला कळले तरी, जेथे ते बोलल्याने रोग्याला किंवा दुसऱ्या कोणाला अपाय होईल तेथे त्याने ते बोलू नये, असा उपदेश चरकसंहितेतच आहे. परंतु या उपदेशाला एक अट आहे, ती विसरली जाते. ‘जेथे अपाय होईल तेथे’ असे तेथे म्हटले आहे. ‘सर्वत्र’ असे म्हटलेले नाही. अपाय होईल की नाही हे ठरविण्यासाठी आधी त्या माणसाला विचारावे लागते, ऐकावे लागते. न विचारताच निर्णय करणारा त्या वचनाचा आधार घेऊ शकत नाही.

शिवाय लपविण्याची रीत सनातन आहे असेही नाही. १९६१ साली शिकागो येथील २१९ डॉक्टरांना विचारले असता त्यांपैकी सुमारे ९० टक्क्यांनी, आपण रुग्णाला कर्करोगाचे नाव सहसा सांगत नाही, असे उत्तर दिले. १९७९ साली अमेरिकेतच तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला तेव्हा ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. अठरा वर्षांत मनुष्यस्वभाव बदलत नाही. रुग्ण सत्य पेलू शकतो हे अनुभवाने पटले, एवढेच. आणि लपविण्याने प्रत्यक्षात काय साधते? सलाइनची बाटली, गळणारे केस, दाराशी कुजबुजणारे नातेवाईक, यांवरून रोगी बहुधा सर्व ओळखतो. मग तिला सर्व ठाऊक असते, त्यालाही सर्व ठाऊक असते, आणि दोघे एकाच घरात एकमेकांपासून एकच गोष्ट लपवीत दिवस काढतात. मुलीच्या लग्नाविषयीची इच्छा, माहेरच्या देवीचे राहिलेले दर्शन, भावाशी धरलेला अबोला, हे सर्व मनातच राहते. कारण ते बोलावयाचे तर काळ थोडा आहे हे मान्य करावे लागते, आणि घरात ते मान्य करण्यास बंदी असते.

येथे आपल्याच भाषेतील एक शब्द मार्ग दाखवितो. आजाऱ्याच्या सेवेला आपण ‘शुश्रूषा’ म्हणतो. हा शब्द ‘श्रु’ म्हणजे ऐकणे या धातूपासून, इच्छा दर्शविणारा प्रत्यय लागून सिद्ध होतो. शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. व्यवहारात तिचा अर्थ सेवा असा झाला, कारण ज्याची सेवा करावयाची त्याचे म्हणणे आधी ऐकावे लागते, हे आपल्या पूर्वजांना उघड दिसत होते. अनुवादाचे काम करणाऱ्याला तर हे रोजच पटते: मूळ ग्रंथ नीट ऐकण्यापूर्वी जो बोलू लागतो, तो ग्रंथाच्या तोंडी आपलेच म्हणणे घालतो. रोग्याच्या बाबतीतही तेच घडते. ‘तिला कळवून घ्यावयाचे नाही’ असे पती म्हणतो तेव्हा, कळलेले बोलण्याचे धैर्य त्याला नाही, असे पुष्कळदा असते. ‘ती झुंजणारी आहे’ असे तो म्हणतो तेव्हा, तिच्यावाचून राहण्याचे भय त्याच्या मुखाने बोलत असते. सेवा आणि मोह बाहेरून सारखेच दिसतात; दोघेही रात्रभर उशाशी जागतात. फरक इतकाच, की सेवा तिचे ऐकते आणि मोह स्वतःचे ऐकतो.

म्हणून पहिले कर्तव्य हे, की योग्य वेळ पाहून तिला विचारावे: ‘डॉक्टर जे सांगतील ते तुला किती जाणून घ्यावयाचे आहे? सगळे तुला सांगू, की मी ऐकून ठेवू?’ ती म्हणाली, ‘सगळे सांगा,’ तर सांगावे. ती म्हणाली, ‘तुम्हीच पाहा,’ तर त्याचाही मान ठेवावा; पण मौन तिने निवडलेले असावे, तिच्यावर लादलेले नसावे. सप्तपदीच्या सातव्या पावलावर वधूवरांचे सख्य जुळते असे मानतात. भरणपोषणाची पावले आधीची. शेवटचे पाऊल मैत्रीचे. मित्राने मित्रापासून त्याचेच आयुष्य लपवावे, हे त्या पावलाला शोभत नाही.

ऐकणे हे देहाच्या बाबतीतही करावयाचे असते. चरकाने चिकित्सेचे चार पाद मानले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या गुणांत त्याने प्रेमाबरोबरच उपचारांचे ज्ञान, दक्षता आणि शुचिता यांची गणना केली, आणि आपल्याला काय होते हे नीट सांगता येणे हा रोग्याचा गुण मानला. तिने सांगितलेले ऐकणारा कोणी नसेल तर तो गुण वाया जातो. औषध दिल्यानंतर सुमारे सात ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी पुष्कळदा सर्वांत कमी होतात. त्या काळात ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट, एवढा ताप आला तरी घरगुती गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये; रात्री असली तरी त्याच वेळी रुग्णालय गाठावे. तोंड आले असता तिखट-आंबट टाळून मऊ भात, पेज, वरण द्यावे. अन्न ताजे शिजवलेले व पाणी शुद्ध असावे. शेजाऱ्यांनी सुचविलेला कोणताही काढा डॉक्टरांना विचारल्यावाचून देऊ नये, कारण काही वनस्पती औषधाच्या कार्यात व्यत्यय आणतात. भेटीस येणाऱ्यांपैकी कोणाला सर्दी-खोकला असेल तर त्याला नम्रपणे दारातूनच परत पाठवावे. आणि ‘काही होत नाही, तू खा,’ असे म्हणण्यापूर्वी तिला काय होते ते विचारावे.

ही कामे स्त्रीचीच, अशी समजूत अजून अनेक घरांत आहे. पती आजारी पडला की पत्नी उशाशी बसते. पत्नी आजारी पडली की तिच्या माहेरची कोणी बोलावली जाते. सहधर्म हा शब्द दोघांनाही बांधणारा आहे. वांतीचे भांडे उचलण्याने पतीचे पतित्व कमी होत नाही.

सर्वांत कठीण प्रसंग पुढेच येतो. औषध रोगाला आवरीनासे होते, शरीर थकते, आणि आणखी एक फेरी घ्यावी की थांबावे हा प्रश्न उभा राहतो. तेथेही निर्णय तिचा. पतीने तो तिच्या मुखातून ऐकावयाचा. थांबणे म्हणजे हात सोडणे नव्हे. वेदना शमविणारी, श्वास सुकर करणारी, मनाला आधार देणारी उपशामक चिकित्सा हे स्वतंत्र शास्त्र आहे, आणि ती अखेरच्या आठवड्यासाठी राखून ठेवण्याचे कारण नाही. २०१० साली बॉस्टन येथील एका अभ्यासात, फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगात जिला ही चिकित्सा आरंभापासून मिळाली त्या रुग्णगटाचे जगणे अधिक सुसह्य झाले; त्या गटाने शेवटी तीव्र उपचार कमी घेतले, तरीही त्याचे आयुर्मान मध्यमानाने ११.६ महिने भरले. दुसऱ्या गटाचे ८.९ महिने. भारतात मुंबईच्या वांद्रे येथे १९८६ साली अशा रुग्णांसाठी शांती आवेदना सदन सुरू झाले. आता अनेक मोठ्या रुग्णालयांत उपशामक चिकित्सेचे विभाग आहेत. वेदना ही सोसण्याची तपश्चर्या आहे असे समजून मॉर्फिन नाकारू नये. ज्या मनाला वेदनेने ग्रासले आहे त्याला नामस्मरणही सुचत नाही.

कोणी म्हणेल, एवढे ऐकून, एवढे करून ती वाचली नाही तर? मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. त्यांचे पती सर दोराबजी यांच्यापाशी धनाची उणीव नव्हती, तरी फळ हाती आले नाही. दोराबजींनी पत्नीच्या नावाने रक्तरोगाच्या संशोधनासाठी निधी स्थापन केला आणि १९३२ साली तेही गेले. पुढे १९४१ साली त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीने मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उभारले. त्याच्या दाराशी आजही देशाच्या कानाकोपऱ्यांतून रुग्ण येतात, आणि प्रत्येकाबरोबर त्याची फाईल छातीशी धरलेला कोणीतरी असतो. फळ आपल्या हाती नाही, हे गीतेच्या वाचकाला वेगळे सांगावयास नको. मात्र ते ग्रंथातून पटणे वेगळे, आणि रुग्णालयाच्या बाकावर पटणे वेगळे.

त्या बाकावर बसलेल्या गृहस्थाला एवढेच सांगावेसे वाटते: तिला वाचविणे हे तुमचे कर्तव्य कधीच नव्हते, कारण ते कोणाच्याही सामर्थ्यातले नाही. तिचे ऐकणे हे कर्तव्य आहे, आणि ते पूर्णपणे तुमच्या हाती आहे. आज संध्याकाळी औषधाच्या गोळ्या दिल्यावर लगेच उठू नका. जवळ बसा, आणि तिला बोलू द्या.