निष्ठेचा हिशेब

वाचकहो, एक प्रश्न असा आहे की तो आपल्याला परका माणूस सहसा विचारत नाही. घरातलाच कोणीतरी विचारतो. बहुधा प्रेमाने विचारतो, म्हणून अधिक लागतो. ‘इतकी वर्षं केलंत, पण मिळालं काय?’

गेल्या माघात हा प्रश्न मला माझ्याच मनाने विचारला. आमच्या गावच्या भजनी मंडळाच्या पेटीत टाळांचे एकवीस जोड आहेत. एकादशीच्या रात्री त्यांतले सात बाहेर निघाले. पखवाज वाजवणारे बुवा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या मुलाचा हात चांगला आहे, पण तो टेंपो चालवतो आणि त्याला भाडी रात्रीचीच मिळतात. आम्हा सात जणांत सर्वांत लहान मी, आणि माझे वय एकसष्ट. जागर संपवून उरलेले चौदा जोड फडक्यात सारखे करताना वाटून गेले, हे आता कोणासाठी चालवायचे?

त्याच आठवड्यात भाचा सुटीवर आला होता. तो नोकरीसाठी बर्लिनला असतो. माझे रडगाणे ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, “मामा, मी राहतो त्या भागात असंच एक मंडळ आहे. फुटबॉलचं.” मला हसू आले. पण त्याने जे सांगितले आणि पुढे मी जे वाचले, त्याने माझ्या प्रश्नाला निराळे वळण दिले. म्हणून ते तुमच्यापुढे ठेवतो. देव आणि फुटबॉल एका तागडीत घालण्याचा हेतू नाही. पण ज्या मनाने माणूस देवाला धरतो, त्याच मनाने तो इतर गोष्टीही धरतो. आणि मनाच्या खोडी कुठल्याही अंगणात ओळखता येतात.

बर्लिन शहराच्या पूर्व भागात क्योपेनिक नावाची वस्ती आहे. तिथला संघ युनियन बर्लिन. आजच्या रूपात तो २० जानेवारी १९६६ रोजी उभा राहिला. त्याचे मूळ १९०६ पर्यंत मागे जाते. जवळच्या कारखान्यांतल्या लोहारकाम, फिटरकाम करणाऱ्या कामगारांचा संघ म्हणून त्याची ओळख, आणि ‘लोखंडी युनियन’ हीच आजही त्याची आरोळी. मैदानाचे नाव ऐकाल तर गंमत वाटेल. त्याचा अर्थ ‘वनपालाच्या जुन्या घराशेजारी’. झाडीत दडलेले मैदान आणि बहुतेक जागा उभ्याच्या. दोन तास उभे राहायचे, गायचे, आणि बहुधा हरून घरी जायचे.

तेव्हा जर्मनीची दोन राज्ये होती आणि हा भाग पूर्व जर्मनीत होता. त्याच शहरात दुसरा संघ होता, डायनॅमो. त्याच्या पाठीशी खुद्द गुप्त पोलिसांचा प्रमुख एरिश मील्के. डायनॅमोने १९७९ ते १९८८ अशी सलग दहा वर्षे देशाचे विजेतेपद मिळवले. युनियन त्या काळात कधी वरच्या वर्गात, कधी खालच्या. १९६८ मध्ये त्यांनी देशाचा चषक जिंकला, तो एकच मोठा आनंद. त्यामुळे युरोपच्या स्पर्धेत खेळण्याचा मान मिळाला होता. पण त्याच ऑगस्टमध्ये चेकोस्लोव्हाकियात फौजा घुसल्या, स्पर्धेच्या जोड्या बदलल्या, पूर्वेकडच्या संघांनी माघार घेतली, आणि हातातोंडाशी आलेला घास गेला.

भिंत पडल्यावर तरी दिवस पालटावेत, तर तेही नाही. १९९३ मध्ये मैदानावर खेळून वर जाण्याचा हक्क मिळवला. पण कागदपत्रांतली बँकेची हमी बनावट निघाली आणि परवाना नाकारला गेला. पुढच्या वर्षी पुन्हा परवाना अडला, या वेळी पैशाच्या दुरवस्थेमुळे. २००४ मध्ये संघ तिसऱ्या वर्गात घसरला, २००५ मध्ये चौथ्या.

आता माणसांकडे पाहा. २००४ मध्ये परवाना टिकवण्यासाठी सुमारे पंधरा लाख युरो उभे करायचे होते. जर्मनीत रक्त देणाऱ्याला थोडी रक्कम मिळते. चाहत्यांनी रांगा लावून रक्त दिले आणि ती रक्कम संघाला दिली. आपण म्हणतो ‘रक्ताचे पाणी केले’. त्यांनी रक्ताचे पैसे केले. २००८ मध्ये मैदानाच्या पायऱ्या खचल्या होत्या आणि बांधायला पुरेसा पैसा नव्हता. तेव्हा दोन हजारांहून अधिक माणसे फावडी घेऊन आली. कोणी रजा काढून, कोणी कामावरून सुटल्यावर. वर्षभराहून थोड्या अधिक काळात त्यांनी सुमारे १,४०,००० तास मोबदल्याविना काम केले आणि २००९ च्या जुलैत मैदान पुन्हा उघडले. आज ज्या पायरीवर कोणी उभा राहतो, तिचे सिमेंट कदाचित त्यानेच ओतलेले असते.

आणखी एक गोष्ट सांगतो. ती तुम्हाला सहज समजेल. २००३ च्या डिसेंबरात संघ हरत होता, मने खचली होती. नाताळच्या आदल्या दिवसांत ८९ माणसे परवानगी न घेता मैदानात शिरली आणि मेणबत्त्या लावून नाताळची गाणी गायली. सामना नाही, खेळाडू नाहीत. रिकामे मैदान आणि गाणारे ८९ कंठ. दर वर्षी ते येत राहिले. पुढे तिथे गायला २८,००० हून अधिक लोक जमू लागले. भाच्याने हे सांगितले तेव्हा मला आमचे सात जोड आठवले.

मग २०१९ उजाडले. २७ मे रोजी युनियनला इतिहासात प्रथमच जर्मनीच्या सर्वोच्च वर्गात प्रवेश मिळाला.

येथे कोणी म्हणेल, ‘पाहा, शेवटी फळ मिळालेच. निष्ठा कधी वाया जात नाही.’ वाचकहो, हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण मला ते मान्य नाही. फळ मिळाले म्हणून निष्ठा खरी ठरत असेल, तर ज्यांना फळ मिळाले नाही त्यांचे काय? १८ ऑगस्ट २०१९ रोजी त्या सर्वोच्च वर्गातला पहिला सामना याच मैदानावर झाला. खेळ सुरू होण्यापूर्वी लोकांनी मोठी छायाचित्रे उंच धरली. ती चाहत्यांचीच होती. बापाचे, मित्राचे, शेजारी उभ्या राहणाऱ्याचे. हा दिवस पाहण्याआधी वारलेल्या ४५५ माणसांची छायाचित्रे. आणि त्यावरचा भाव एवढाच की, तुम्हीही आज आमच्यासोबत आहात.

त्या ४५५ जणांनी काय मिळवले? हिशेबाच्या वहीत पाहाल तर काहीच नाही. त्यांनी चौथा वर्ग पाहिला, खचलेल्या पायऱ्या पाहिल्या, आणि गेले. मग त्यांची निष्ठा अर्धवट राहिली असे म्हणायचे का? ज्याच्या हातात बापाचे छायाचित्र आहे, त्याला असे कोणी म्हणून पाहावे. त्यांची निष्ठा ते जिवंत असतानाच पुरी झाली होती. दर आठवड्याला ती पुरी होत होती. शेवटची शिट्टी होईपर्यंत उभे राहिले की त्या दिवसापुरती पुरी.

आणि तो सामनाही ते हरले, शून्य विरुद्ध चार. पुढे चार वर्षांत संघ युरोपच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत पोचला. २०२३ मध्ये तिथे गटातले सहा सामने खेळला. एकही जिंकला नाही. त्याच हंगामात घरच्या स्पर्धेतही हार सुरू झाली आणि शेवटच्या दिवशी, शेवटच्या क्षणांतल्या गोलाने संघ खाली जाता जाता वाचला. फळ असे जागा बदलत असते. त्याच्या मागे धावणाऱ्याला दर वर्षी नवे दैवत शोधावे लागेल.

दुसरी शंका अधिक अवघड आहे. ‘ही निष्ठा की नुसती आसक्ती? नुसता हट्ट?’ ही शंका टाळू नये, कारण आसक्ती निष्ठेचेच कपडे घालून फिरते. दोघींना ओळखायची एक खूण त्या मैदानावर सापडते. तिथे एक अलिखित रीत आहे. आपल्या खेळाडूची हुर्यो करायची नाही, आणि शेवटची शिट्टी होण्याआधी मैदान सोडायचे नाही. आसक्तीला आपले माणूस जिंकलेले हवे असते. ते हरले की तिला अपमान वाटतो आणि पहिला दगड तीच मारते. निष्ठा चुकलेल्याला त्याच्या चुकीच्या क्षणी एकटे टाकत नाही. बारावीला नापास झालेला मुलगा घराच्या उंबऱ्याशी उभा असतो, तेव्हा आपल्या तोंडून पहिला शब्द कोणता निघतो, यावर आपले प्रेम होते की आपली अपेक्षा होती, हे कळते. मी स्वतः या परीक्षेत एकदा नापास झालो आहे, म्हणून लिहितो.

निष्ठा म्हणजे डोळे मिटणे नव्हे, हेही येथेच सांगायला हवे. बनावट हमी ती बनावटच; कोणाच्याही प्रेमाने ती खरी होत नाही. निष्ठा एवढेच करते की खोटे उघडे पडल्यावर घर झाडायला माणसे उरतात. आणि झाडूनही घर सुधारत नसेल, त्या नावाखाली दुसऱ्यांची फसवणूक चालूच असेल, तर बाहेर पडणे हाच धर्म. हरणाऱ्याला सोडू नये, नाडणाऱ्याला सोडावे. या दोहोंत गल्लत झाल्याने किती संस्था आणि किती घरे नासली, हे तुम्ही माझ्याहून अधिक पाहिले असेल.

तिसरी शंका द्वेषाची. आपल्यावरचे प्रेम दुसऱ्यावरच्या रागावर पोसले जाते का? जाते, आणि याच मैदानावर जाताना दिसले. २ नोव्हेंबर २०१९ रोजी युनियनने आपल्याच शहरातल्या हेर्टा संघाला एका गोलने हरवले. सामन्यात समोरच्या गटातून आतषबाजीचे बाण आले होते. खेळ संपताच युनियनचे काही तोंडे झाकलेले चाहते मैदानात उतरून त्यांच्या अंगावर धावले. तेव्हा युनियनचाच गोलरक्षक, राफाऊ गिकेविच, त्यांच्या आडवा गेला आणि आपल्याच माणसांना ढकलत त्याने मागे फिरवले. विजयाच्या रात्री आपल्यांच्याच छातीवर हात ठेवणे सोपे नसते. मला वाटते, त्या रात्री संघाशी सर्वांत अधिक निष्ठेने वागला तो तोच. ज्यांनी तोंडे झाकली होती, त्यांचे प्रेम संघापेक्षा स्वतःच्या रागावर होते. प्रेमाला तोंड झाकावे लागत नाही.

माउली, तुम्ही चालणारी माणसे आहात. चालणे म्हणजे काय, हे तुम्हाला दुसऱ्या देशाच्या गोष्टीतून शिकवावे असे मुळीच नाही. तरी मला जे उमगले ते इतकेच. ‘मिळालं काय?’ या प्रश्नाला आपण उत्तर शोधत बसतो आणि उत्तर सापडले नाही की लाजतो. प्रश्नच चुकीच्या वहीतला आहे. व्यवहाराच्या वहीत जमा आणि खर्च असे दोन रकाने असतात. निष्ठेच्या वहीत रकाना एकच, आज आलो की नाही. रक्त देणाऱ्याने, सिमेंट ओतणाऱ्याने, त्या ८९ जणांनी त्याच रकान्यात खूण केली. पुढे २८,००० येतील हे त्यांना ठाऊक नव्हते. आणि आले नसते तरी त्या रात्रीचे गाणे बेसूर ठरले नसते.

आमच्या मंडळात पुन्हा चाळीस माणसे येतील, असे मला वाटत नाही. पखवाजवाल्या बुवांचा मुलगा भाडे सोडून येईल, याचीही खात्री नाही. त्याला दोन लेकरे आहेत, मी त्याला दोष देत नाही. पण एक काम मी केले आहे. गेल्या रविवारी पेटी उघडून सगळे एकवीस जोड बाहेर काढले, चिंचेने घासले आणि कुजलेल्या दोऱ्या बदलल्या. काही जोडांच्या दोरीला अजून जुन्या गाठी होत्या. कोणाची गाठ कोणती, ते मला ओळखता आले. त्या गाठी तेवढ्या तशाच ठेवल्या.

येत्या एकादशीला सात माणसे आली तरी देवळात एकवीस जोड मांडीन. चौदा वाजणार नाहीत. पण ज्यांचे ते होते, त्यांची जागा धरलेली असेल. आणि रात्री उशिरा एखादा टेंपो देवळापाशी थांबलाच, तर आत येणाऱ्याला टाळ शोधावा लागणार नाही.